कडुलिंबाच्या आश्रमात वत्सलाबाई

वत्सलाबाईंसमोर रडायची सोय नव्हती. त्या रागवायच्या अशातला भाग नाही. एखादी मुलगी डोळे पुसत आली की तिला बाकावर बसवायच्या, माठातलं पाणी द्यायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बरं. पुढं?" त्या 'पुढं'ला उत्तर द्यायचं तर रडणं थांबवून विचार करावा लागे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्यावरही ती पाळी आली. मी जालन्याकडची, औरंगाबादेत नवखी. मॅट्रिकच्या मुलींनी माझा तास पार उधळून लावला होता, आणि मी शिक्षकखोलीत तोंड लपवून बसले होते. बाईंनी माझं गाऱ्हाणं ऐकलं, हातातला खडू पुसून ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, उद्या पुन्हा वर्गावर जाईन. "जा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या तासाला निघून गेल्या. धीर देणं म्हणतात ते त्यांच्याकडून एवढंच मिळायचं. पण ते पुरायचं.

त्या गणित शिकवायच्या. निजामाच्या अमलात वाढलेल्या, वडील कचेरीत पेशकार, त्यामुळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलिस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तशा बाईही मराठी झाल्या, पण फळ्याकडं तोंड करून आकडेमोड सुरू झाली की ओठांतल्या ओठांत जुनीच भाषा चालायची. मुलींना गुणाकार सांगता सांगता मधेच 'जरब' म्हणून जायच्या, भागाकाराला 'तकसीम'. मागच्या बाकावरच्या पोरी नक्कल करायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी नक्कल करणारीलाच फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "कर आता पूर्ण गणित उर्दूत. चुकलीस तर मराठीत करायचं." सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. असं हसू त्यांच्या चेहऱ्यावर वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यायचं.

उंच, हडकुळ्या, पायात कोल्हापुरी चपला, फिकट रंगाचं लुगडं, कपाळाला कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र. घरी त्या आणि मुलगी उषा, दोघीच. कुंकू पाहून नवी माणसं विचारायची, मालक कुठं असतात. बाई म्हणायच्या, "गेले." समोरच्याचा चेहरा पडायचा. वारले का, असं चाचरत विचारलं की बाई शांतपणे सांगायच्या, "नाही. गेले." एवढ्यावर पुढं विचारायची कुणाची छाती व्हायची नाही.

बाई कशालाच घाबरत नाहीत, असं वाटायचं मला. एके दुपारी शहरात काहीतरी झाल्याची आवई उठली. काय झालं ते नीट कुणालाच माहीत नव्हतं. गुलमंडीवरची दुकानं धडाधड बंद झाली, आईबाप मुलींना न्यायला शाळेच्या फाटकाशी गोळा झाले. गर्दी ओसरल्यावर शहागंजकडच्या चार मुसलमान मुली तेवढ्या व्हरांड्यात राहिल्या, एकमेकींना चिकटून. त्यांच्या घरच्यांची इकडं येण्याची हिंमत झाली नसावी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिपायाला पाठवू या. बाईंनी ऐकलंच नाही. दोन मुली उजव्या हाताला, दोन डाव्या हाताला, अशा त्या फाटकाबाहेर पडल्या. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मीही मागं निघाले. चौकाच्या कोपऱ्यावर काही माणसं उभी होती. त्यांतल्या एकानं पुढं होऊन विचारलं, "बाई, ह्या कुणाच्या?" बाई थांबल्या नाहीत की वळल्या नाहीत. "माझ्या वर्गातल्या," त्या म्हणाल्या. माणूस बाजूला झाला. मुली घरी पोचल्या. परतताना बाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. "जरा थांब, लगेच चालवायचं नाही मला," त्या म्हणाल्या. मी जवळ बसले. मग त्या म्हणाल्या, "हे असं आधीही जमायला पाहिजे होतं." मला काही कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दर शुक्रवारी शाळा सुटली की बाई शहागंजच्या मागच्या एका बोळात जायच्या. तिथं जुबेदाबी नावाची विधवा बाई राहायची. शिलाई मशीनवर रजया शिवायची, त्यावरच पोरांना वाढवलं होतं. शाळेत यावरून कुजबुज होती. मी एकदा बाईंबरोबर गेले. मला वाटलं होतं मैत्रिणी असतील, गप्पा होतील. तसं काहीच नव्हतं. जुबेदाबीनं दार उघडलं, बाईंकडं नीट पाहिलंही नाही. बाई आत जाऊन सतरंजीवर बसल्या, कोपऱ्यातलं डाळीचं सूप ओढून खडे वेचायला लागल्या. मशीन चालू राहिलं. मधे जुबेदाबीला सुईत दोरा ओवता येईना, तर बाईंनी तो ओवून दिला. चहा झाला. दिवेलागणीला आम्ही उठलो. मी वाटेत म्हणाले, बाई, त्या तर तुमच्याशी बोलतही नाहीत. बाई म्हणाल्या, "दार उघडते ना? तेवढं माझ्या हक्काचं नाही, तरी उघडते."

हे असंच चाललं असतं, पण एके दिवशी शाळेच्या पटांगणात एक जीप येऊन थांबली. तीतून उतरले आप्पासाहेब. गंगापूरकडचे बडे बागायतदार, पांढरं धोतर, पांढरा फेटा, गळ्यात तुळशीची माळ. गंगथडीला, गोदावरीच्या काठी, कडुलिंबाच्या राईत एक आश्रम होता, तिथले ते कारभारी. त्या आश्रमाचं नाव आम्ही ऐकून होतो. दर गुरुवारी तिथं यात्रेसारखी गर्दी व्हायची. तिथले महाराज फार कमी बोलतात, कुणाकडून पै घेत नाहीत, आणि दुखणाईत माणसाच्या उशाशी रात्ररात्र बसतात, असं लोक सांगायचे. आप्पासाहेबांनी शिक्षकखोलीत येऊन सगळ्यांदेखत वत्सलाबाईंना वाकून नमस्कार केला. "आईसाहेब," ते म्हणाले, "म्हाराजांच्या शेजारची जागा मोकळी हाय. लोकं इचारत्यात."

महाराज हे बाईंचे 'गेलेले' यजमान आहेत, हे तेव्हा आम्हाला कळलं.

बाईंनी विचारलं, "त्यांना विचारून आलात?"

"म्हाराज काय बी बोलत नाय."

"मग मीही काही बोलत नाही. माझा तास आहे." बाई खडू घेऊन निघून गेल्या. आप्पासाहेब बराच वेळ टोपीवाल्या शिपायाशेजारी उभे राहिले, मग हात जोडून गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलाच्या दुखण्यात महाराज महिनाभर त्यांच्या घरी राहिले होते, मुलगा वाचला होता. त्या दिवसापासून महाराजांचं जे असेल ते पूर्ण झालं पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या मते उणीव होती ती फक्त बायको-मुलीची.

आठवड्याभरात ही बातमी साऱ्या औरंगपुऱ्यात झाली आणि कॉलेजात उषाच्या कानावरही गेली. वडील गेले तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. वडील देवाधर्मासाठी घर सोडून गेले असावेत, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, कारण आईनं तिला कधी काही सांगितलं नव्हतं. आता तिनं आईला समोर बसवून विचारलं, का गेले ते? बाई म्हणाल्या, "ते त्यांनी सांगायचं. त्यांच्या वतीनं मी सांगणार नाही." हे मला उषानंच नंतर सांगितलं. त्या उत्तराचा तिला फार राग आला होता. आईचाच काहीतरी दोष असणार, म्हणून ती तोंड उघडत नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

मैत्रिणीच्या मावशीकडं दोन दिवस जाते असं सांगून ती त्या मैत्रिणीबरोबर गंगापूरच्या एसटीत बसली. शनिवारी संध्याकाळी ती मैत्रीण एकटीच परत आली. तेव्हा मी बाईंच्या घरी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मुलगी दारातच उभी राहिली आणि घाबऱ्या घाबऱ्या सांगू लागली. उषा आश्रमात राहिली आहे. तिला वडिलांनी जवळ घेतलं, ते रडले. बायकांनी तिची ओटी भरली, तिला पिवळं पातळ दिलं. उद्या उत्सव आहे, त्यात महाराजांच्या हातून तिला माळ घालणार आहेत, आणि ती कायमची तिथंच राहणार आहे. कॉलेज सोडणार आहे. आईला सांग, येऊ नको, असा निरोप आहे.

बाईंनी विचारलं, "जेवली होती का ती?" मुलगी हो म्हणाली. बाईंनी तिला घरी पाठवलं आणि मला म्हणाल्या, "कुसुम, उद्या माझ्याबरोबर येशील? एकटीला मला तिथं बोलता येईल असं वाटत नाही."

त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. वाळूज मागं पडेपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारलं, तिला ओढून आणणार का? त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षांची आहे. ओढून आणलेली पोर घरात राहत नाही." गंगापूरला उतरून उत्सवाला निघालेल्या एका बैलगाडीत बसलो. गाडीतल्या बायका महाराजांचे गुण सांगत होत्या. एकीनं बाईंना विचारलं, "पहिल्यांदाच येता का हो ताई?" बाई हो म्हणाल्या. "मग बघा, एकदा म्हाराजांनी हात ठिवला का जीव कसा हलका होतो." बाईंनी डोळे मिटून घेतले.

आश्रम म्हणजे कडुलिंबाची दाट राई, तीत दोन पत्र्याच्या खोल्या आणि मधे मोठा मांडव. एका बाजूला चुलाण्यांवर काहिली चढल्या होत्या, बुंदी पडत होती. कर्ण्यातून भजन चाललं होतं. मांडवात माणूस मावत नव्हतं. पुढं एका चौरंगावर महाराज बसले होते. मी मनात काहीतरी भव्य कल्पना केली होती. प्रत्यक्षात किरकोळ अंगाचा, पिकल्या दाढीचा, वाकलेल्या खांद्यांचा माणूस होता. डोळे मात्र असे की, समोरच्याकडं पाहताना त्याचंच काही दुखतंय असं वाटावं. त्यांच्या पायाशी उषा बसली होती, पिवळ्या पातळात, गळ्यात झेंडूचा हार. तिचा चेहरा इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. तो पाहून माझंच अवसान गळालं. हिला इथून घरी न्यायचं म्हणजे काय करायचं?

बाई बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग सरकत होती. लोक वाकत होते, महाराज डोक्यावर हात ठेवत होते. आमच्या पुढं थोड्याच बायका उरल्या तेव्हा आप्पासाहेबांनी बाईंना ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद पसरला. त्यांनी भजन थांबवायला लावलं, ध्वनिक्षेपकाजवळ जाऊन सांगितलं की आईसाहेब आल्यात. मांडवभर लाट उसळल्यासारखी झाली. बायका बाईंच्या अंगाला हात लावायला पुढं झेपावल्या. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी खुर्ची. बाईंचा पदर ओढला जात होता, त्या चौरंगाकडं लोटल्या जात होत्या, आणि मी त्यांचा दंड धरून ठेवला होता. खुर्चीपाशी पोचल्यावर त्या बसल्या नाहीत. महाराजांनी त्यांना पाहिलं होतं. ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"दिगंबरराव," बाई म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव. बाईंच्या पिढीतली बाई ते चारचौघांत घेत नसे, घेतलंच तर उखाण्यातून घेई. ध्वनिक्षेपक चालूच होता. ते नाव साऱ्या राईभर गेलं. आप्पासाहेबांच्या हातातलं हळदकुंकवाचं तबक तसंच राहिलं.

"मी तुम्हाला न्यायला आले नाही," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता. "उषा तुम्हाला एक विचारायला आली होती. त्याचं उत्तर तिला मिळालेलं नाही. ते द्या. मग तिला राहायचं तर राहू दे, मी तिला अडवणार नाही."

उषा उठून उभी राहिली. "आई, नको ना," ती म्हणाली.

महाराज खाली पाहत म्हणाले, "वत्सला, इथं नको."

"मग कुठं? घर तर तुम्ही सोडलंत."

मागून दोघंतिघं तरणे सेवेकरी पुढं आले. एकानं माझ्या खांद्याला धरून मागं सारलं. बाईंना हात लावायची मात्र कुणाची हिंमत होत नव्हती. आप्पासाहेब बाईंना हळूच म्हणाले, "आईसाहेब, लोकं हायती. असं नगा करू." महाराजांनी हात वर केला तेव्हा सेवेकरी थांबले. मला वाटलं होतं ते ध्वनिक्षेपक बाजूला सारतील. त्यांनी सारला नाही.

मग ते बोलायला लागले. पोलिस ॲक्शनच्या आधी ते पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. शेजारी हमीद मास्तर राहायचे. दोघांची शाळा एक, एकाच वाटेनं जाणं-येणं, हमीद मास्तरांच्या घरचा शिरखुर्मा यांच्याकडं आणि यांच्या घरच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडं. रझाकार गावात घुसले तेव्हा हमीद मास्तर यांच्या दारात आडवे उभे राहिले, हे माझं घर आहे म्हणाले, आणि त्यांना परत लावलं. त्यानंतर फौजा आल्या, निजाम शरण गेला, आणि वारं उलट फिरलं. बाहेरून टोळ्या आल्या, गावातले काही त्यांना सामील झाले. हमीद मास्तरांनी बायकोपोरांना आधीच औरंगाबादेला धाडलं होतं. एका संध्याकाळी ते यांच्या दाराशी आले.

इथं महाराज थांबले.

"पुढं?" बाई म्हणाल्या.

"तो म्हणाला, दिगंबर, दार उघड. मी आतून कडी धरून उभा होतो."

"पुढं?"

"तू म्हणालीस, उघडा. मी तुला ढकललं. पोर रडायला लागली, तर मी तुला तिचं तोंड दाबायला लावलं." त्यांनी उषाकडं पाहिलं नाही. "तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, ठीक है मास्टर, अंदरच रहो. आणि गेला."

"पुढं?"

"सकाळी विहिरीपाशी सापडला." महाराजांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "उषा, मला देवानं बोलावलं नव्हतं. त्या दाराला रोज हात लावणं मला होईना, म्हणून मी पळालो. एवढंच आहे. बाकी जे आहे ते या लोकांनी केलंय."

माझ्या मनात आलं, आता हे लोक या माणसाला उचलून बाहेर फेकतील. आणि तेवढ्यात मागून एक म्हातारा हुंदका देत ओरडला, "धन्य हो महाराज!" दुसऱ्यानं ते उचललं. बघता बघता सारा मांडव जयजयकार करायला लागला. इतकं खरं बोलणारा साधू कुणी पाहिलाय का, असं माझ्या शेजारची बाई रडत रडत म्हणत होती. टाळ वाजायला लागले. महाराज दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते आणि लोक त्याच हातांना डोकं टेकत होते. गर्दीच्या डोक्यांवरून ते बाईंकडं बघत राहिले. बाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो संताप होता, तसा मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उषानं गळ्यातला हार काढला, चौरंगाच्या कडेला ठेवला आणि गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आली. कुणी तिला अडवलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं.

प्रसाद न घेता आम्ही निघालो. बैलगाडी मिळाली नाही, उन्हातून चालत होतो. मग उषा थांबली. "माझ्या तोंडावर हात तू ठेवलास?"

"ठेवला," बाई म्हणाल्या.

उषा आईकडं बघत राहिली. "पुढं?" तिनं विचारलं.

बाईंना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा. त्या रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत गेल्या, पदरानं तोंड पुसलं. "पुढं मी शुक्रवारी जुबेदाबीकडं जाते," त्या म्हणाल्या. "हमीद मास्तरांची बायको ती. तिला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती दार उघडते. त्यापुढं मला अजून काही सुचलेलं नाही."

त्या दिवशी मायलेकी काही गळ्यात गळा घालून घरी आल्या नाहीत. उषा कॉलेजात पुन्हा जायला लागली, पण आईशी कामापुरतंच बोलायची. तिला आई दोषी वाटायची का, की आईनं एवढी वर्षं हे एकटीनं वाहिलं याचा राग होता, ते तिचं तिलाही सांगता आलं नाही. पावसाळा संपता संपता एका शुक्रवारी ती आपणहून आईबरोबर त्या बोळात गेली. पुढं तीच जास्त जायला लागली.

आश्रमातून निरोप आला तो त्यानंतर महिन्याभरानं. निरोप घेऊन आप्पासाहेबच आले होते, या वेळी एसटीनं. महाराजांना जुबेदाबीला भेटायचं होतं. बाई म्हणाल्या, ते ठरवणारी मी कोण, विचारून सांगते. विचारायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. जुबेदाबीनं मशीन थांबवलं. तिच्या तोंडून इतकी वाक्यं एकत्र मी पहिल्यांदाच ऐकली.

"उनकू बोलो, आना नक्को," ती म्हणाली. "मैं माफ नहीं करती. बददुआ बी नहीं देती. बस, इत्ताच है मेरे पास."

मला वाटलं, हे बाई आप्पासाहेबांकरवी कळवतील. त्या स्वतः गेल्या. मी नव्हते, उषा होती. उषा म्हणाली, आईनं शब्द न् शब्द तसाच सांगितला, आपल्या पदरचं काही घातलं नाही. महाराजांनी ऐकून घेतलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते चौरंगावर बसायचे बंद झाले, खाली जमिनीवर बसू लागले. लोकांनी मग रिकाम्या चौरंगालाच हार घालायला सुरुवात केली.

पुढं माझं लग्न झालं आणि मी नांदेडला गेले. बऱ्याच वर्षांनी औरंगाबादेला आले तेव्हा उषाकडं उतरले. तोवर ती स्वतः कॉलेजात शिकवायला लागली होती. बाईंची चौकशी केली तर म्हणाली, आई गंगापूरला आहे. महाराजांचं काही खरं नाही आता. बाईंनी तिथं जावं हे मला पटेना. मी तसं म्हटलं. उषा म्हणाली, "मलाही नाही पटलं. पण तिला कोण विचारणार?"

मी गेले. राईत आता पक्की इमारत झाली होती, मोठी कमान होती, मोटारी उभ्या होत्या. महाराज मात्र जुन्या पत्र्याच्या खोलीत होते. दाराशी आप्पासाहेब काठी टेकून बसले होते, फार थकलेले. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बाईंचं नाव घेतल्यावर आत सोडलं.

खाटेवर महाराज उशीला टेकून बसले होते. बाई स्टुलावर बसल्या होत्या, डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर वर्तमानपत्राचा कागद, आणि त्या महाराजांची नखं कापत होत्या. नखं फारच वाढलेली होती. शेजारी उभा असलेला तरुण सेवेकरी मला हलक्या आवाजात म्हणाला, कुणाचा हातच धजत नव्हता, म्हाराजांच्या नखाला कात्री कशी लावायची. त्याच्या हातात रेशमी रुमाल होता. नखं त्यात गोळा करून ठेवायची, लोक मागतात, असं त्यानं सांगितलं.

बाईंनी मला पाहिलं, मानेनं बस म्हणाल्या. मी भिंतीशी बसले. बाईंनी महाराजांचं मनगट घट्ट धरलं होतं आणि चष्म्याच्या खालून निरखून एकेक नख काढत होत्या. एक हात झाला. सेवेकऱ्यानं रुमाल पुढं केला. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, कागदाची पुडी वळली आणि खिडकीतून बाहेर कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिली. महाराजांनी डोळे उघडून खिडकीकडं पाहिलं, मग बाईंकडं. दाढीच्या आत कुठंतरी ते हसले असावेत.

बाईंनी दुसरा कागद मांडीवर पसरला.

"तो हात द्या आता," त्या म्हणाल्या.